पंचवीसपैकी किती?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या घराघरांत आजाऱ्याची विचारपूस करणारे फोन येत, तेव्हा ख्यालीखुशालीच्या दोन वाक्यांनंतरचा प्रश्न ठरलेला असे : ‘स्कोअर किती आला?’ दम लागतो का, जेवण जातं का, लघवी नीट होते का, हे जुने प्रश्न मागे पडले. छातीच्या एचआरसीटी स्कॅनवर पंचवीसपैकी मिळालेला आकडा हेच माणसाचं भविष्य होऊन बसलं. आठ आला की घर हुश्श करी, अठरा आला की रडारड सुरू होई. या तपासणीचे दर राज्य सरकारला २०२० च्या सप्टेंबरातच बांधून द्यावे लागले होते. मशीनच्या क्षमतेनुसार दोन हजार, अडीच हजार, तीन हजार रुपये. मागणी किती असेल याचा अंदाज त्यावरून यावा.

कोविडची साथ ओसरली, पण त्या आकड्यामागची समजूत काही ओसरली नाही. फुफ्फुसाचं चित्र जितकं पांढरं तितका माणूस मृत्यूच्या जवळ, आणि ते चित्र पुरेशा बारकाईनं वाचता आलं तर कोण जगेल, कोण दगावेल हे आधीच सांगता येईल, अशी ती समजूत. ती एकट्या नातेवाइकांची नाही. न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, मोठा अपघात, स्वादुपिंडाचा दाह अशा कशानेही फुफ्फुसांच्या केशवाहिन्या झिरपू लागतात, दोन्ही फुफ्फुसं भरून येतात आणि रक्तात ऑक्सिजन पोचेनासा होतो, त्या अवस्थेला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. या एआरडीएसवरच्या संशोधनातही चित्रावरून भाकीत करण्याची हौस जुनी आणि प्रतिष्ठित आहे. ती हौस चुकीच्या जागी खर्च होते आहे, असं माझं म्हणणं आहे. चित्र निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. ते कशासाठी उपयोगी, हा खरा वादाचा मुद्दा.

आधी पंचवीसचा हिशेब पाहू. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित दिसतो ते नजरेनं ठरवायचं आणि शून्य ते पाच गुण द्यायचे. पाच टक्क्यांहून कमी असेल तर एक, पाच ते पंचवीस टक्क्यांना दोन, सव्वीस ते एकोणपन्नासला तीन, पन्नास ते पंचाहत्तरला चार आणि त्यावर पाच. पाचही खंडांची बेरीज म्हणजे स्कोअर. आता गणित करून पाहा. पाचही खंडांत प्रत्येकी सहाच टक्के भाग बाधित असला तरी स्कोअर होतो दहा. पंचवीसपैकी दहा म्हटल्यावर चाराने गुणून ‘चाळीस टक्के फुफ्फुस गेलं’ असं ऐकणारे आणि सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटले. प्रत्यक्षात गेलेलं असतं सहा टक्के. उलट बाजूनं, प्रत्येक खंड एकोणपन्नास टक्के बाधित असेल तर पंधरा गुण आणि एक्कावन्न टक्के असेल तर वीस. दोन टक्क्यांच्या फरकानं पाच गुणांची उडी, आणि एक्कावन्नपासून पंचाहत्तरपर्यंत मात्र काहीच हालचाल नाही. शिवाय उजव्या फुफ्फुसाचा मधला खंड अगदी लहान असूनही त्याला खालच्या मोठ्या खंडांइतकंच वजन. मोजमाप म्हणून ही पट्टी ओबडधोबड आहे. पण तो तिचा दोष म्हणता येणार नाही, कारण ती भविष्य सांगण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

कोविडच्या संदर्भात ही पट्टी जगभर गाजली ती वूहानमधल्या एका अभ्यासामुळे. २०२० च्या आरंभी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात तो आला. त्यात रुग्ण होते एकवीस. श्वसनाचा तीव्र त्रास झालेल्यांना त्यातून वगळलेलं होतं. हे एकवीसही जण बरे होण्याच्या वाटेवरचे. बऱ्या होणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात दिवसागणिक काय बदलतं, एवढाच अभ्यासाचा विषय होता, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून दहाव्या दिवसाच्या सुमारास बदल सर्वाधिक दिसतात हा त्याचा मुख्य निष्कर्ष. ज्या अभ्यासात गंभीर रुग्ण घेतलेलाच नव्हता त्यातली पट्टी वर्षभरात आपल्याकडे मृत्यूचं तिकीट ठरवू लागली. त्यात भर म्हणून काही अहवालांत चाळीसपैकी गुण देणारी दुसरी पट्टी असे, आणि ‘को-रॅड्स’ नावाची तिसरीही. ही तिसरी तर आजार किती गंभीर आहे हे सांगतच नाही, कोविडचा संशय किती दाट एवढंच सांगते. पण ‘को-रॅड्स पाच’ वाचून हबकून गेलेली घरं काही कमी नव्हती.

सरकारी उपचारसूत्रांत हा आकडा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. एप्रिल २०२१ मध्ये एम्स आणि आयसीएमआरच्या कृती दलानं काढलेल्या मार्गदर्शनात सौम्य, मध्यम, तीव्र अशी विभागणी होती ती श्वासाच्या गतीवर आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर. मिनिटाला तीसहून अधिक श्वास, किंवा सॅच्युरेशन नव्वदच्या खाली, म्हणजे तीव्र. एचआरसीटी करायचा तो प्रकृती बिघडत असेल तरच. पुढच्याच महिन्यात एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रेंइतकी किरणं. त्यावर रेडिओलॉजिस्टांची अखिल भारतीय संघटना खवळली आणि आधुनिक मशीनमध्ये ते प्रमाण पाच-दहा एक्स-रेंइतकंच असतं असं तिनं उत्तर दिलं. वर्तमानपत्रांना चार दिवस खाद्य मिळालं. किरणांचा वाद महत्त्वाचा खरा, पण त्याच्या गोंगाटात मूळ प्रश्न राहूनच गेला : स्कॅन निर्धोक असला, फुकट असला, तरी जे त्याला विचारलं जात होतं ते त्याला ठाऊक असतं का?

आता पूर्वपक्षाची खरी ताकद मांडायला हवी. गल्लीतल्या गैरसमजाला हरवून विद्वानांना हरवल्याचा आव आणणं बरं नव्हे. चित्रवाद्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. रुग्णांचे मोठे गट घेतले की जास्त स्कोअरच्या गटात मृत्यू जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसतं. साध्या एक्स-रेवरूनही फुफ्फुसातल्या पाण्याचा अंदाज घेणारी ‘रेल’ नावाची पट्टी २०१८ मध्ये आली. अवयवदात्यांच्या काढलेल्या फुफ्फुसांच्या वजनाशी ती ताडून पाहिली होती, आणि एआरडीएसच्या रुग्णांत वाढत्या गुणांबरोबर जगण्याची शक्यता घटते असंही तिच्या कर्त्यांना आढळलं. जपानमधल्या इचिकादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पंच्याऐंशी रुग्णांच्या एचआरसीटीत तंतूमय बदलांची खूण शोधली. व्रण पडू लागलेल्या फुफ्फुसात श्वासनलिका ताणल्या जाऊन रुंदावतात. ही खूण ज्यांच्यात अधिक, त्यांच्यात मृत्यूही अधिक आणि व्हेंटिलेटरवरचे दिवसही अधिक. हे काम गंभीर आहे, झटकून टाकण्याजोगं नाही. आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत पटणारा युक्तिवाद तर तर्काचाच : श्वास फुफ्फुसानं घ्यायचा, फुफ्फुस भरलेलं दिसतंय, तर माणूस जाणारच की!

या तर्कातली पहिली चूक भौतिकशास्त्राची आहे. सीटी स्कॅन आजार मोजत नाही, घनता मोजतो. हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर हवा म्हणजे उणे एक हजार आणि पाणी म्हणजे शून्य. उणे नऊशे ते उणे पाचशे या पट्ट्यातलं फुफ्फुस हवेशीर धरतात. शून्याजवळ आलेल्या भागात हवा उरलेली नसते. पण हवा का उरली नाही? केशवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी साचलं असेल, पू आणि पेशी भरल्या असतील, वरच्या जड फुफ्फुसाच्या भारानं खालचा भाग नुसता मिटला असेल, किंवा जुन्या इजेवर व्रणाची जाळी धरली असेल. पाणी औषधानं उतरू शकतं, मिटलेला भाग रुग्णाला पालथं झोपवल्यावर तासाभरात उघडू शकतो, पू जंतूंबरोबर जातो, आणि व्रण बहुधा राहतो. चौघांचं भवितव्य चार दिशांना, पण मोजपट्टीवर चौघंही जवळजवळ एकाच जागी. अनुभवी डोळा आकारावरून, जागेवरून काही भेद करतो. पण ‘किती टक्के पांढरं’ हा आकडा नेमका तोच भेद पुसून टाकतो. इचिकादोंच्या अभ्यासाचं मोल इथं कळतं. त्यांनी पांढऱ्याच्या प्रत्येक जातीला वेगळं वजन दिलं आणि मगच विस्तार मोजला. म्हणजे चित्रवाद्यांचा सर्वांत भक्कम पुरावाच विस्ताराच्या नुसत्या आकड्याविरुद्ध साक्ष देतो. त्यातही तो एका केंद्रावरच्या पंच्याऐंशी जणांचा. त्यावर एखाद्याच्या आयुष्याचा निकाल लिहायला मी तरी धजावणार नाही.

शवविच्छेदनानंही हेच सांगितलं आहे. स्पेनमधल्या एका रुग्णालयात, मृत्यूपूर्वी एआरडीएसच्या व्याख्येत चपखल बसलेल्या ३५६ रुग्णांची फुफ्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. २०१३ साली आलेल्या त्या निष्कर्षानुसार पाठ्यपुस्तकात एआरडीएसची ओळख म्हणून सांगितलेली वायुकोशांची सरसकट इजा त्यातल्या पंचेचाळीस टक्क्यांतच सापडली. उरलेल्यांत न्यूमोनिया होता, इतर विकार होते, काहींत तर फुफ्फुसात फारसं काहीच नव्हतं. हयातीतली चित्रं मात्र सगळ्यांचीच दोन्ही बाजूंनी भरलेली.

आणखी एक गोष्ट चित्रात दिसत नाही, ती म्हणजे रक्त कुठून वाहतंय. फुफ्फुसाचा जो भाग हवेविना पडतो, तिथल्या रक्तवाहिन्या निरोगी शरीरात आपणहून आवळल्या जातात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळतं. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी दाखवलेली ही सोय ज्याची शाबूत आहे, त्याचं अर्धं फुफ्फुस पांढरं असूनही सॅच्युरेशन टिकतं. ज्याची बिघडली, त्याला थोडाच भाग बाधित असूनही प्राणवायू पुरत नाही. कोविडमध्ये अनेकांचं सॅच्युरेशन चित्राच्या मानानं फारच खाली जात होतं आणि डॉक्टर चक्रावत होते, त्यामागच्या कारणांत हे एक धरलं जातं. साधा स्कॅन हवा दाखवतो, रक्ताचा प्रवाह दाखवत नाही. श्वसन तर दोघांच्या भेटीत घडतं.

वेळेचा प्रश्न याहून सोपा, तरी सर्वांत जास्त दुर्लक्षिला गेलेला. पंचगंगेच्या पुराचा एकच फोटो पाहून पाणी चढतंय की उतरतंय हे कुणी सांगू शकत नाही. चौथ्या दिवशीचा बारा आणि अकराव्या दिवशीचा बारा यांत तसंच अंतर आहे : एक चढणीवरचा, दुसरा बहुधा उतरणीवरचा. अहवालावर आजाराचा दिवस छापलेला क्वचितच असे. त्यात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची आणखी अडचण. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून यंत्र जो दाब राखतं (आयसीयूत त्याला ‘पीप’ म्हणतात) तो वाढवला की तेच फुफ्फुस त्याच मिनिटाला काळं, म्हणजे निरोगी, दिसू लागतं. दाब किती होता हे न सांगता ‘एक्स-रे सुधारला’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

विद्वानांनी हे सगळं मोजून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं, आणि निकाल त्यांच्याच हाती लागला होता. १९६७ मध्ये डेनव्हरच्या ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बारा रुग्णांचं वर्णन करून या आजाराला ओळख दिली, तेव्हापासून छातीचा एक्स-रे व्याख्येत आहे. १९८८ मध्ये मरे आणि सहकाऱ्यांनी छातीचे चार चौकोन करून किती भरले ते मोजायला आणि त्याला गुण द्यायला सुरुवात केली. पुढे २०१२ मध्ये बर्लिन व्याख्या आली. तिच्या मसुद्यात तीव्र एआरडीएससाठी तीन किंवा चार चौकोन भरलेले असावेत अशी अट होती. सुमारे साडेचार हजार रुग्णांच्या नोंदींवर ती तपासली, तेव्हा भाकितात तिनं काहीच भर घातली नाही. समितीनं ती काढून टाकली. उरली ती ऑक्सिजनवरची सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी, आणि त्या तीन गटांतलं मृत्यूचं प्रमाण सत्तावीस, बत्तीस आणि पंचेचाळीस टक्के. एक्स-रेनं दोन्ही बाजू बाधित आहेत की नाहीत एवढं सांगावं, किती बाधित हे विचारू नये, हा निर्णय एआरडीएसच्या जाणत्यांनीच घेतला. आश्चर्य एवढंच की त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी तोच प्रश्न पंचवीसच्या पट्टीवर पुन्हा उगवला, आणि या जुन्या निकालाची कुणाला आठवण राहिली नाही.

शिवाय ‘दोन्ही बाजू बाधित आहेत का’ या साध्या प्रश्नावरही एकमत होत नाही. १९९९ मध्ये रुबेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी एकवीस तज्ज्ञांपुढे अठ्ठावीस एक्स-रे ठेवले आणि विचारलं, हे व्याख्येत बसतात का? एका तज्ज्ञाला छत्तीस टक्के एक्स-रे बसणारे वाटले, दुसऱ्याला एक्काहत्तर टक्के. हे तज्ज्ञ या क्षेत्रातलेच होते.

दुसरी चूक संख्याशास्त्राची, आणि तिच्यावर जरा रेंगाळायला हवं, कारण चित्रवाद्यांची सगळी भिस्त तिच्यावर आहे. ‘जास्त स्कोअरच्या गटात मृत्यू जास्त’ हे विधान खरं असूनही तुमच्या समोरच्या माणसाबद्दल ते जवळजवळ काही सांगत नाही, असं होऊ शकतं. भाकीत करणारी कोणतीही पट्टी पारखायची एक रीत आहे. एक दगावलेला आणि एक वाचलेला अशी जोडी घ्यायची, नावं झाकायची, आणि पट्टीला विचारायचं, यातला जास्त धोक्याचा कोण? शंभर जोड्यांत पन्नास वेळा बरोबर आली तर ती नाणेफेक. बर्लिनची ऑक्सिजनची प्रतवारी या कसोटीवर शंभरांत सुमारे अठ्ठावन्न वेळा बरोबर येते. सत्तावीस आणि पंचेचाळीस टक्क्यांमधली दरी कागदावर केवढी मोठी दिसते. प्रत्येक जोडीत मात्र पट्टी नाण्यापेक्षा थोडीच शहाणी ठरते. कुणी विचारेल, मग ऑक्सिजनही भाकिताला कुचकामीच ना? हो, एकटा ऑक्सिजनही अपुराच आहे. चित्राची जागा ऑक्सिजनला द्यावी असं मी म्हणतच नाही. एकाच अवयवाच्या एकाच मोजमापाकडे माणसाचं भवितव्य मागणं हीच मुळात चूक.

कारण मरणारा माणूस नेहमी फुफ्फुसानं मरत नाही. १९८५ मध्ये सिएटलमधल्या माँटगोमेरी आणि सहकाऱ्यांनी एआरडीएसच्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सुधारू न शकलेलं श्वसन हे कारण सोळा टक्के मृत्यूंतच निघालं. उशिरा झालेले मृत्यू बहुतेक जंतुसंसर्गाशी आणि त्यानं एकामागून एक अवयव बंद पडण्याशी जोडलेले होते. कोविडच्या एआरडीएसमध्ये फुफ्फुसानंच जाणाऱ्यांचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण तिथंही भाकितात सर्वांत टिकाऊ ठरलेल्या साधनांत चित्राला जागाच नव्हती. ब्रिटनमध्ये २०२० साली ३५,४६३ रुग्णांच्या नोंदींवरून ‘फोर-सी’ नावाची मृत्यू-पट्टी तयार झाली आणि आणखी बावीस हजारांवर तपासली गेली. तिच्यात आठ गोष्टी : वय, लिंग, आधीचे आजार, श्वासाची गती, सॅच्युरेशन, शुद्ध, रक्तातलं युरिया आणि सीआरपी. वरच्या जोड्यांच्या कसोटीवर ती शंभरांत सत्त्याहत्तरच्या आसपास बरोबर येते. फुफ्फुसाचं काम शरीराबाहेर यंत्रावर सोपवायचं, त्या एक्मोच्या रुग्णांसाठी २०१४ मध्ये बनलेल्या ‘रेस्प’ पट्टीतही वय, प्रतिकारशक्ती, व्हेंटिलेटरवरचे दिवस, मेंदूची अवस्था अशा बारा गोष्टी आहेत, स्कॅन नाही. फुफ्फुस पुरतं निकामी झाल्यावरच ज्याची वेळ येते त्या उपचाराच्या भाकितातही फुफ्फुसाचं चित्र लागलं नाही, याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

इथं हमखास एक उत्तर येतं : माणसाच्या डोळ्याला दिसत नाही ते संगणक पाहील. पाहीलही कदाचित. आतापर्यंत त्यानं काय पाहिलं ते मात्र नोंदलेलं आहे. २०२१ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी कोविडचं निदान किंवा भाकीत छातीच्या चित्रांवरून करणारे दोन हजारांवर संगणकीय अभ्यास चाळले, त्यातले बासष्ट बारकाईनं तपासले आणि रुग्णालयात वापरण्याजोगा एकही नाही असा निकाल दिला. काही अभ्यासांत कोविड नसलेल्यांची चित्रं म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घातलेले होते. यंत्र बिचारं मोठ्यांना आणि लहानांना वेगळं ओळखायला शिकलं. त्याआधी २०१८ मध्ये झेक आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की न्यूमोनिया शोधायला शिकवलेलं यंत्र एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा हे अचूक ओळखतं आणि त्या माहितीचा फायदा उठवतं. यंत्र शिकतं ते आपण दिलेल्या चित्रांवरून. ज्यांना स्कॅनपर्यंत नेणंच धोक्याचं, असे सर्वांत अत्यवस्थ रुग्ण त्या चित्रांच्या साठ्यात मुळातच कमी असतात, हा दोष कितीही हुशार संगणकाला भरून काढता येत नाही.

तिसरी चूक सर्वांत महाग पडलेली. चित्र म्हणजे आजार असं मानलं की चित्र सुधारणं म्हणजे उपचार असं वाटू लागतं. मिटलेलं फुफ्फुस मोठ्या दाबानं उघडायचं आणि उघडं ठेवायचं, ही कल्पना कुणालाही भुरळ घालील अशी. स्कॅनवर ती फार सुरेख दिसते. २०१७ मध्ये मुख्यतः ब्राझीलमध्ये झालेल्या एआरटी चाचणीत हजाराहून अधिक रुग्णांवर ती तपासली गेली. जोर लावून फुफ्फुस उघडलेल्या गटात अठ्ठावीस दिवसांत ५५.३ टक्के दगावले, साध्या उपचाराच्या गटात ४९.३ टक्के. ऑक्सिजनच्या आकड्यानंही पूर्वी असंच फसवलं होतं. २००० सालच्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध चाचणीत मोठे श्वास दिलेल्या रुग्णांचा ऑक्सिजन पहिल्या दिवसांत अधिक चांगला होता, आणि मेले तेच अधिक : ३९.८ टक्के, लहान श्वासवाल्यांत ३१ टक्के. उघडलेलं फुफ्फुस ताणानं फाटतं आणि त्या इजेची आग सगळ्या शरीरभर पसरते. चित्रात मात्र त्या घटकेला सारं स्वच्छ दिसतं.

आणि ‘निकाल’ म्हणजे फक्त जगणं-मरणं असंही नाही. टोरंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाठपुरावा केला. पहिले निष्कर्ष २००३ मध्ये आले. फुफ्फुसांचं आकारमान सहा महिन्यांत जवळपास पूर्ववत झालं होतं. तरीही वर्षानंतर सहा मिनिटांत ही माणसं सरासरी ४२२ मीटर चालत, अपेक्षेच्या दोन तृतीयांश. स्नायू झिजलेले, अंगात त्राण नाही, अनेकांना कामावर परतता आलं नाही. पाच वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही चालणं अपेक्षेपेक्षा कमीच होतं. या माणसांची हालत फुफ्फुसाच्या कुठल्याच स्कॅनवर दिसली नसती.

हे झालं खंडन. आता चित्राची बाजू मांडतो, कारण ज्या माणसानं हा आजार सर्वांत खोलवर पाहिला तो सीटी स्कॅननंच पाहिला. मिलानचे लुचियानो गातिनोनी यांनी १९८० च्या दशकात एआरडीएसच्या रुग्णांना स्कॅनखाली घातलं, तोवर साध्या एक्स-रेवरून सगळं फुफ्फुस सारखंच कडक झालंय असा समज होता. स्कॅननं दाखवलं की पाठीकडचा भाग मिटलेला, पोटाकडचा बराचसा निरोगी, आणि प्रौढाच्या छातीत हवा घेणारं फुफ्फुस उरलंय पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढं. ‘बाळफुफ्फुसा’ची ही कल्पना लहान श्वासांच्या उपचाराचा पाया ठरली. रुग्णाला पालथं केल्यावर पांढरा भाग पाठीकडून पोटाकडे सरकतो, हेही त्यांनीच पाहिलं. पुढे २०१३ मध्ये, मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या, पालथं झोपवण्याच्या चाचणीत अठ्ठावीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ३२.८ वरून सोळा टक्क्यांवर आलं. चित्रानं इथं कुणाचंही भविष्य सांगितलं नव्हतं. आजार कसा चालतो ते सांगितलं आणि त्यातून उपचार निघाला.

गातिनोनींच्याच २००६ च्या अभ्यासात चित्र भाकिताच्या सर्वांत जवळ पोचलं, आणि ते कसं पोचलं हे पाहण्यासारखं आहे. अडुसष्ट रुग्णांचा स्कॅन वेगवेगळ्या दाबांवर पुन्हा काढला. दाब वाढवल्यावर किती फुफ्फुस उघडतं हे मोजलं. ज्यांचं जास्त उघडलं त्यांच्यात मृत्यू एकेचाळीस टक्के, ज्यांचं कमी उघडलं त्यांच्यात पंधरा. भोळा वाचक उलटा निष्कर्ष काढील, ‘उघडतंय म्हणजे वाचेल’. प्रत्यक्षात जास्त उघडणारं फुफ्फुस हे जास्त पाणावलेलं, जास्त जखमी फुफ्फुस होतं. इथं माहिती मिळाली ती स्थिर चित्रातून नव्हे, फुफ्फुसाला एक प्रश्न विचारून त्यानं दिलेल्या उत्तरातून. ‘रेल’ पट्टीचंही तसंच. पुढच्या अभ्यासांत तिचा एका दिवसाचा आकडा फारसा बोलला नाही, पण पहिल्या काही दिवसांत तो उतरतो की नाही याचा जगण्याशी संबंध दिसला. बदल बोलतो.

उपचार ठरवण्यातही चित्राला जपूनच वापरावं लागतं. फ्रान्समधल्या वीस केंद्रांवर झालेल्या, २०१९ मध्ये आलेल्या ‘लाइव्ह’ चाचणीत चित्रावरून रुग्णांचे दोन प्रकार केले, ठिकठिकाणी बाधित आणि सरसकट बाधित, आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकाराचा श्वासोपचार दिला. एकूणात मृत्यू घटले नाहीत. नंतर तपासलं तर चारशेपैकी पंच्याऐंशी रुग्णांचा प्रकारच चुकीचा ठरवलेला होता, आणि चुकीच्या खणात पडलेल्यांचं नुकसान झालं होतं. ही त्यांची हार होती असं मला वाटत नाही. चित्रावरून कृती करायची तर वाचन किती नेमकं हवं, याची किंमत या चाचणीनं पहिल्यांदा आकड्यांत मांडली.

रोजच्या आयसीयूत मात्र चित्राला कामाची कमी नाही, आणि ती कामं भविष्यकथनाहून किती तरी मोलाची आहेत. नळी योग्य जागी आहे का, फुफ्फुसाबाहेर हवा शिरून ते दबलं आहे का, पाणी साचलं आहे का, पू झाला आहे का, रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे का, हृदयाची उजवी बाजू दमली आहे का. हल्ली यातलं बरंचसं खाटेशेजारी सोनोग्राफीनं होतं, रुग्णाला हलवावंही लागत नाही. एआरडीएसच्या नव्या जागतिक व्याख्येनं सोनोग्राफीला रीतसर मान्यताही दिली आहे. या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर लगेच काहीतरी करता येतं : सुई घालता येते, औषध बदलता येतं, दाब कमी करता येतो. ‘पंचवीसपैकी अठरा’ या उत्तरावर नक्की काय करायचं, हे मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आकडा छापायचाच असेल, आणि रुग्णालयांना आणि नातेवाइकांना तो आता सुटेल असं दिसत नाही, तर त्याच ओळीत आणखी काही छापलं जावं. लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले, त्या घटकेला किती ऑक्सिजन चालू होता, व्हेंटिलेटर असेल तर ‘पीप’ किती, आधीचा स्कॅन कधीचा आणि त्याच्या मानानं काय बदललं, आणि पांढरं दिसतंय ते मिटल्यासारखं, पाणावल्यासारखं की व्रणासारखं. रेडिओलॉजिस्टांना हे सगळं लिहिता येतं. वॉर्डातून माहिती मिळाली तर. आज त्यांच्याकडे जाणाऱ्या तपासणीच्या चिठ्ठीवर बहुधा नाव, वय आणि ‘कोविड?’ किंवा ‘न्यूमोनिया?’ एवढाच एक शब्द असतो.